नंबर चौदा आणि ‘इतर सर्व कामे’

पेजंटला, म्हणजे सौंदर्यस्पर्धेला, उतरायचं ठरवलेल्या मुली मला मेसेज करतात तेव्हा पहिला प्रश्न हमखास हील्सचा असतो. चार इंच की पाच? मग क्यू अँड एची, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या फेरीची तयारी, मग गाऊनचा रंग. ‘करार’ हा शब्द बहुतेक वेळा सगळं उरकल्यावर निघतो, तोही रडत रडत. तेव्हा आज हील्सबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. वॉक शिकवणारे पुष्कळ आहेत.

मी एका राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धेत होते. कोणत्या ते सांगत नाही. माझा नंबर चौदा. बारा दिवस मला जवळजवळ कुणीच नावाने हाक मारली नाही. ‘फोर्टीन, हनुवटी वर. फोर्टीन, मार्क सोडू नकोस,’ मार्क म्हणजे उभं राहायची ठरलेली जागा. याचा मला राग नाही. चाळीस मुलींची नावं कोरिओग्राफरने दोन दिवसांत पाठ करावीत अशी अपेक्षा कुणीच करत नाही, आणि खरं सांगायचं तर बॅकस्टेजला माझ्याशी सगळ्यांत नीट वागला तो कोरिओग्राफरच. घसा बसेपर्यंत ओरडायचा, पण ओरडणं पावलांवर असायचं, आमच्यावर नसायचं. हा फरक मला तेव्हा कळायला हवा होता.

आता फसले कशी ते.

मूळ करार अकरा पानांचा होता. तो मी घरी दोन संध्याकाळी बसून वाचला, खुणा केल्या, दोन शंका ईमेलवर विचारल्या आणि स्वतःवर खूश झाले. तिसऱ्या रात्री रिहर्सल साडेअकराला संपली. बॉलरूमच्या दाराशी टेबल मांडलेलं. त्यावर प्रत्येकीच्या नावाचा दीड पानी कागद, ‘पूरक नियमावली’. सही कुठे करायची तिथे पिवळे बाण चिकटवलेले. टेबलावरची मुलगी छान हसून म्हणत होती, ‘इथे, इथे आणि इथे.’ माझ्या एका हातात सँडल्स, टाचांना बँडेड, मागे ताटकळलेल्या सतरा-अठरा जणी आणि सकाळचा कॉल टाइम, म्हणजे हजर व्हायची वेळ, पाचची.

शेवटचं कलम असं होतं : ‘तसेच आयोजक वेळोवेळी सांगतील ती इतर सर्व कामे.’

मी ते वाचलं. वाचून सही केली. वाटलं, इतर कामं म्हणजे कुठेतरी फीत कापायची असेल.

पाचव्या दिवशी रात्री एक वाजता शॅपरोनने, म्हणजे आमच्यावर देखरेख ठेवणाऱ्या बाईने, दार वाजवलं. प्रायोजकाचं शूट आहे, खाली ये. वजन कमी करणारी पावडर. डबा गालाशी धरून म्हणायचं होतं की मी ही तीन महिने घेते आहे. मी तो डबा आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मी म्हटलं, डबा धरते, ते वाक्य बोलणार नाही. कुणी वाद घातला नाही. ‘ठीक आहे, जा झोप.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या रांगेत उभ्या असताना डायरेक्टरने माइक हातात घेतला. ‘नंबर चौदाला नियम लागू नाहीत असं दिसतंय. तिच्यासाठी टाळ्या होऊन जाऊ देत.’ आणि टाळ्या झाल्या. माझी रूममेट शेजारीच होती. तीही वाजवत होती, नजर जमिनीवरच्या टेपच्या मार्ककडे. तिला दोष कसा देऊ? तिच्या जागी असते तर मीही वाजवल्याच असत्या. मग मी माइकवर माफी मागितली, आणि त्या रात्री ते वाक्य बोलले. सात टेक झाले.

त्या कलमाबद्दल मी जरा पाल्हाळ लावणार आहे, सहन करा. त्यातला एकेक शब्द बघा. ‘आयोजक’ म्हणजे नक्की कोण? नॅशनल डायरेक्टर, फ्रँचायझीचा मालक, प्रायोजकाचा माणूस की वॉकीटॉकी घेऊन फिरणारा कुणीही? ‘वेळोवेळी’ म्हणजे रात्री एकलाही. ‘सांगतील’ म्हणजे तोंडी, म्हणजे नंतर पुरावा नाही. आणि ‘इतर सर्व’ हे दोन शब्द आले की आधीच्या अकरा पानांत नीट मोजून-मापून लिहिलेल्या कामांना काही अर्थच उरत नाही. त्याऐवजी काय मागायचं? कामाचं नाव, तास, आदल्या दिवशी लेखी कल्पना, कोणत्या प्रायोजकासाठी आणि तुमचा चेहरा किती काळ वापरणार. शिवाय एक वाक्य : खोटं विधान करायला नकार दिल्यास गुणांवर परिणाम होणार नाही. सगळं मिळणार नाही. निम्मं मिळालं तरी खूप. काहीच बदलायला तयार नसतील तर कलमाशेजारी हाताने लिहा, ‘मूळ करारातील कामांपुरतेच’, त्याखाली सही करा आणि तिथल्या तिथे फोटो काढा. कोर्टात ते किती टिकेल ते वकिलाला विचारा, मी वकील नाही. पण असं लिहिणाऱ्या मुलीच्या दारावर रात्री एकला टकटक करण्याआधी माणसं थोडा विचार करतात.

आणि उभ्याने सही करायची नाही. कधीच नाही. ‘सकाळी देते’ एवढं म्हणायचं.

हे लहान स्पर्धांत होतं, वर गेलं की सगळं व्यावसायिक असतं, हा भ्रम मीही बाळगला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये थायलंडमध्ये मिस युनिव्हर्सच्या सॅश समारंभात (स्पर्धकांना देशाच्या नावाचा पट्टा घालतात तो) काय झालं ते तुम्ही पाहिलं असेल, थेट प्रक्षेपणच चालू होतं. यजमान देशाचे डायरेक्टर नवात इत्सराग्रिसिल यांनी मेक्सिकोच्या फातिमा बॉशला प्रचाराच्या पोस्ट न केल्यावरून सगळ्यांदेखत झापलं. ती बोलू लागली तर सुरक्षारक्षक बोलावले. ती बाहेर पडली, तिच्या पाठोपाठ इतर मुली उठल्या, त्यांत आदल्या वर्षीची विजेती डेन्मार्कची व्हिक्टोरिया थेलविगही होती. तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा मला माझ्या वेळच्या टाळ्याच ऐकू आल्या. त्याच महिन्यात बॉश जिंकली. जिंकली म्हणून तिची बाजू खरी ठरली असं मात्र म्हणू नका, ती पहिल्या तीसमध्येही आली नसती तरी झालं ते चूकच होतं. नवशिक्यांनी त्यातून उचलायची गोष्ट वेगळी आहे. भांडणाच्या मुळाशी प्रश्न होता, मुलीने ऐकायचं कुणाचं : यजमानांचं की स्वतःच्या देशाच्या डायरेक्टरचं? दोन मालक असले की मार स्पर्धकाच्या पाठीवर बसतो. तेव्हा जाण्याआधीच आपल्या डायरेक्टरकडून लेखी घ्या की दोन आदेश आपटले तर कुणाला फोन करायचा.

‘बॉडी चेक’ हा दुसरा शब्द कानावर येईल. ऑगस्ट २०२३ मध्ये मिस युनिव्हर्स इंडोनेशियाच्या स्पर्धकांनी पोलिसांत तक्रार केली की व्रण आणि चरबी तपासण्याच्या नावाखाली त्यांना कपडे उतरवायला लावले आणि फोटो काढले. मिस युनिव्हर्स संघटनेने त्या परवानाधारकाशी संबंध तोडले आणि स्पष्ट सांगितलं की उंची, वजन, शरीराची मापं अशी कोणतीही अट तिच्या स्पर्धांना नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा. गाऊनच्या फिटिंगसाठी मापं घेणं वेगळं. ती शिंपी घेतो, कपड्यांवरून, आणि तिथे कॅमेरा नसतो. बंद खोली, कॅमेरा आणि ‘सगळ्या करतात’ हे वाक्य एकत्र आलं की बाहेर पडा. इथे मुकुटाचा हिशेब करायचाच नाही.

आता मेंटॉर. माझं मत कडू आहे. तीन दिवसांत ‘क्राउन रेडी’ करून देणाऱ्यांकडे जाऊ नका. पैसे जातात ते जातात, वर एक घातक सवय लागते. माझी मेंटॉर म्हणायची, ‘सहन कर, सॅश मिळाली की सगळं विसरशील.’ तिला सॅश मिळाली होती आणि ती काहीच विसरली नव्हती, दर शनिवारी आम्हाला तेच किस्से सांगायची, हसत. वोटिंग पॅक, म्हणजे पैसे मोजून मतं, विकत घेऊन पुढे सरकणं हाही माझ्या मते मूर्खपणा आहे, पण तो तुमच्या खिशाचा प्रश्न.

‘स्वतः मुकुट घातलेली बाई वर बसली की सगळं सुधारेल’ असंही ऐकाल. मिस अमेरिकाचं उदाहरण घ्या. २०१७च्या अखेरीस माजी विजेत्यांबद्दलचे तिथल्या वरिष्ठांचे घाणेरडे ईमेल बाहेर आले, मुख्याधिकारी सॅम हॅस्केल यांना जावं लागलं, आणि पुढच्या महिन्यात ग्रेचेन कार्लसन अध्यक्ष झाल्या, त्या स्वतः १९८९च्या मिस अमेरिका. २०१८च्या ऑगस्टमध्ये तेव्हाची विजेती कारा मंड हिने माजी विजेत्यांना पत्र लिहिलं की नव्या नेतृत्वाने तिचा आवाज दाबला. कार्लसन यांनी आरोप नाकारला. कुणाचं किती खरं ते मी ठरवत नाही, पण नियम कागदावर नसले की खुर्चीत कोण बसलंय याने फारसा फरक पडत नाही.

एवढं वाचून बॅग रिकामी करायला बसू नका. मी पुन्हा जाईन का? वय असतं तर गेले असते. त्या बारा दिवसांत मी हजार माणसांसमोर न थरथरता बोलायला शिकले, आणि त्या रूममेटशी आजही आठवड्यातून दोनदा बोलणं होतं. टाळ्यांचा विषय तिनेच काढला, दोन वर्षांनी. चांगले डायरेक्टरही असतात, मी दोघांसोबत नंतर काम केलं आहे. त्यातली एक बाई चूक सांगायची तर मुलीला बाजूला घेऊन सांगते, आणि फोन काढून घेतले तर रोज कोणत्या वेळी परत मिळणार ते भिंतीवर लिहून लावते. तुम्हीही पहिल्याच दिवशी फोनचं विचारा. प्रश्न साधा आहे, उत्तर देतानाचा चेहरा बघा.

घरच्या एका माणसाला रोज ठरलेल्या वेळी एक शब्द पाठवायचं आधी ठरवा, आणि तो शब्द आला नाही तर त्याने काय करायचं तेही. २०२४ मध्ये मिस यूएसए नोएलिया व्होइटने मुकुट सोडला तेव्हा तिच्या निवेदनातल्या वाक्यांची पहिली अक्षरं जोडली तर ‘मला गप्प केलं आहे’ अशा अर्थाचं वाक्य निघतं, हे लोकांनी शोधून काढलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून गोपनीयतेचं कलमही बघून घ्या. तक्रार करण्याचा अपवाद त्यात लिहिलेला हवा.

मला करार पाठवायचा असेल तर शेवटचं पान आधी पाठवा, आणि नंतर हातात ठेवलेले सुटे कागदही. पहिली दहा पानं मी सावकाश वाचेन.