घराचा ठेका देताय-घेताय? या चुका टाळा

माझ्याकडे येणारी भांडणं फाइल घेऊन येत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला स्टॅम्प पेपर, दोन-चार चिठ्ठ्या आणि मोबाइलमधले फोटो, एवढाच ऐवज असतो. नागपूरकडचा बेशाचा बंगला असो की हिंगण्याचं गोदाम, मालक म्हणतो ठेकेदाराने लुटलं, ठेकेदार म्हणतो मालकाने बुडवलं. मग दोघंही विचारतात, चांगला वकील सांगा ना. अहो, पण वकिलाला वाचायला काहीतरी द्याल की नाही?

तोंडी जादा काम

सगळ्यात जास्त पैसा इथे बुडतो, म्हणून सगळ्यात जास्त यावरच बोलणार आहे.

बेलतरोडीकडचा एक बंगला. दर चौरस फुटावर, मालासकट. पाया पाच फूट धरलेला. जेसीबी लागला, पाच फुटांवर काळी माती. सहा झाले, सात झाले, तरी काळीच. नागपुरात काम केलेल्याला यात नवल वाटणार नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा देते, तिच्यावर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, टेकवत नाहीत. आर्किटेक्टने खड्ड्यात डोकावून सांगितलं, ‘मुरूम लागेस्तोवर जा.’ ठेकेदाराने मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, ‘खोदा ना जी, हिशेब नंतर पाहू.’ मुरूम साडेनऊ फुटांवर लागला. जादा खोदाई, कॉलमची जादा उंची, प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, मुरमाचा भराव, सगळं झालं आणि झाकलंही गेलं.

फायनल बिलात यापोटी साडेतीन लाखांच्या वर आकडा आला, तेव्हा मालकाला दर ‘सगळं मिळून’ असल्याचं आठवलं. जादा कामाला लेखी मंजुरी लागेल असं कलमही करारात निघालं. कुठल्या तरी नमुन्यातून उतरवलेलं, दोघांनीही न वाचलेलं. आर्किटेक्टला खोली किती गेली ते आठवेना. ठेकेदाराकडे एक फोटो होता. खड्ड्याच्या तळाशी मजूर उभा, हातात टेपचा डबा, साडेनऊचा आकडा स्पष्ट. पण टेपचं वरचं टोक फोटोबाहेर. ते मूळ जमिनीला धरलं होतं की काठावर टाकलेल्या मातीच्या ढिगाला, हे त्या फोटोवरून कोण सांगणार?

ठेकेदाराला तारलं मुरूमवाल्याने. त्याच्या ट्रिपांच्या चिठ्ठ्यांवर तारीख, गाडी नंबर आणि साइटचं नाव होतं. त्यावरून भरावाचं घनमाप काढलं, घनमापावरून खोली काढली आणि निम्म्याच्या आसपास तोड झाली. बाकीचे निम्मे गेलेच.

कायदा अशा वेळी अगदीच हात झटकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० प्रमाणे, फुकट करायचा हेतू नसताना कोणी काम केलं आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. पण काम किती केलं हे तुम्हीच सिद्ध करायचं, आणि करारात जादा कामाचं कलम असेल तर आधी त्याच्याशी झुंजायचं. सरकारी कामं करणारे यात पक्के असतात. पीडब्ल्यूडीच्या (सार्वजनिक बांधकाम विभागाच्या) बी-१ या करार-नमुन्यात कामाचं परिमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं तर दराचं काय, हे कलम ३८ मध्ये आधीच ठरलेलं असतं. खासगी कामात मात्र सगळा कारभार ‘घरचंच आहे’वर.

माझी सवय जुनाट आहे. कार्बनचं डुप्लिकेट बुक, साइटच्या कोठीत, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं. तारीख, कोणी सांगितलं, माप, दर (ठरला नसेल तर ‘दर ठरायचा आहे’ असं स्वच्छ) आणि दोन सह्या. जे झाकलं जाणार त्याचं माप झाकण्याआधी. सही झाल्याशिवाय मी मिक्सर सुरू करू देत नाही, मग मजूर बसून राहिले तरी चालेल. मालक गावाला गेला असेल तर त्याच संध्याकाळी मेसेज टाकतो, ‘आज दुपारी आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे...’. नवी पोरं म्हणतात, सर, ॲपमध्ये टाकलंय ना. टाकलं असशील बापा, पण मालकाने ते उघडून पाहिलं का? आणि फोन बदलताना चॅट उडवू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, स्क्रीनशॉटची प्रिंट पुढे सरकवून भागत नाही.

उशीर आणि दंड

‘उशीर झाल्यास दिवसाला दोन हजार दंड’ हे वाक्य लिहून मालक निश्चिंत होतो. मग पाऊस येतो, वाळूचे घाट बंद होतात, धान कापणीला बालाघाट-छत्तीसगडचे मजूर गावी जातात, टाइल्स निवडायला मालकीणबाई दीड महिना घेतात. काम पाच महिने लांबतं. मालक मधल्या काळात एक अक्षर लिहीत नाही, किल्ल्या घेतो, वास्तुशांती करतो आणि मग शेवटच्या बिलातून तीन लाख कापतो.

करार कायद्याचं कलम ५५ इथे आडवं येतं. वेळ हा कराराचा गाभा असेल आणि तरीही उशिरा झालेलं काम तुम्ही स्वीकारलंत, तर भरपाई मागणार असल्याची नोटीस स्वीकारतानाच द्यावी लागते. नंतर सुचलेला दंड चालत नाही. शिवाय कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही वरची मर्यादा आहे, त्या आत वाजवी भरपाई मिळते. नुकसानच झालं नसेल तर भरपाई नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सांगितलंय.

ठेकेदार यात कमी नाहीत. ड्रॉइंग तीन आठवडे उशिरा मिळालं तर त्या दिवशी पत्र नाही, आणि दंड लागला की तीच गोष्ट मोठ्या आवाजात. ड्रॉइंग मागितल्याची तारीख, मिळाल्याची तारीख, बंद दिवस हे साइटच्या डायरीत रोज लिहा, आणि महिन्याच्या शेवटी मुदतवाढीचं दोन ओळींचं पत्र पोच घेऊन द्या. मालक रागावेल म्हणून पत्र न देणारे ठेकेदार मी फार पाहिलेत. शेवटच्या बिलाला तो रागावतोच.

बाकीच्या, थोडक्यात

चौरस फूट कशाचा? स्लॅबचा की बिल्टअपचा, बाल्कनी अर्धी की पूर्ण, जिन्याची हेडरूम (गच्चीवरची जिन्याची खोली) धरायची की नाही, हे पहिल्याच पानावर हवं. जीएसटी धरून की वेगळा, तेही तिथेच.

आयटम दराने, म्हणजे प्रत्येक कामाचा वेगळा दर धरून, काम असेल तर ‘मोजमाप आयएस १२०० प्रमाणे’ एवढी ओळ टाका; बांधकाम मोजण्याचं हे भारतीय मानक आहे. प्लास्टरमध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही, तीनपर्यंत एकाच बाजूची, त्यावर दोन्ही बाजूंची, पण मग त्या उघड्या जागेच्या कडांचं प्लास्टर मोजायचं. ही एक ओळ नसल्याने खिडक्या मोजत दोन दिवस भांडणारी माणसं पाहिलीत.

शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी केली की करार पक्का, हा समज सोडा. महाराष्ट्रात बहुतेक कागदांना ऑक्टोबर २०२४ पासून किमान ५०० लागतात, आणि मोठ्या ठेक्याला शुल्क रकमेनुसार वाढतं. स्टॅम्प कमी पडला म्हणून करार रद्द होत नाही, पण फरक आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात येत नाही.

‘वाद झाल्यास मालकाचा आर्किटेक्ट लवाद राहील’ हे कलम अजूनही उतरवलं जातं. लवाद कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झाली, एका पक्षाचा सल्लागार किंवा नोकर लवाद होऊ शकत नाही. वाद उभा राहिल्यावर दोघांनी लेखी हरकत सोडली तरच.

रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, ‘काम पूर्ण झाल्यावर’ परत, असं लिहू नका. ताबा, भोगवटा प्रमाणपत्र की पहिला पावसाळा, ते सांगा. फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरने तर जास्त सांभाळावं. रेराच्या (स्थावर मालमत्ता कायद्याच्या) कलम १४ प्रमाणे त्याच्यावर ताब्यापासून पाच वर्षं दोषदुरुस्ती आहे, आणि वॉटरप्रूफिंगवाल्याशी करार एका वर्षाचा करून तो मोकळा होतो. उरलेली चार वर्षं गळती कोणाच्या खिशातून?

आता थकलेलं बिल. ‘दर दिवाळीला आठवण करतो’ म्हणणाऱ्यांनो, तुमच्या आठवणीने मुदत वाढत नाही. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. मुदत संपण्याआधी समोरच्याने सही करून देणं कबूल केलं, किंवा लेखी नोंद राहील असा काही भाग चुकता केला, तर ती नव्याने मोजतात. म्हणून दरवर्षी बाकीच्या रकमेचा एक कागद करून त्यावर सही घ्या, आणि थोडे पैसे आले तर बँकेतूनच येऊ द्या.

‘फुल अँड फायनल’च्या पावतीवर चेकच्या घाईत सही करू नका. रक्कम कमी वाटत असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने ‘अमुक रकमेचा हक्क राखून’ लिहा आणि त्या कागदाचा तिथेच फोटो काढा. तसं लिहू देत नसतील, तर दुसऱ्याच दिवशी स्पीड पोस्टाने हरकत पाठवा. सहा महिन्यांनी ‘दबावाखाली सही केली’ म्हणत आलात, तर पहिला प्रश्न हाच येणार की इतके दिवस गप्प का होतात.