संत्र्याच्या वाइनच्या बरणीतील रिकामी जागा कशी कमी करावी

काटोल-वरुडकडील मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) संत्री साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात आणि त्यांची वाइन तळाच्या गाळावरून निथळून घेण्याची वेळ नेमकी उन्हाच्या तोंडावर येते. अरुंद तोंडाच्या पाच लिटरच्या काचेच्या बरणीत गाळ वजा जाता पावणेपाच लिटर वाइन उरली, तर वर पाव लिटर हवा राहते. आंबवण जोरात असताना ही मोकळी जागा हवीच असते, कारण तेव्हा फेस चढतो आणि निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेला दूर ठेवतो. आंबवण मंदावल्यावर मात्र तीच हवा वाइनचा रंग काळवंडवते आणि हवेच्या आधाराने वाढणारे जिवाणू अल्कोहोलचा शिरका करतात. म्हणून जागा भरण्याचे काम पहिल्या निथळणीनंतरच करावे. (१९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात वाइन करण्यास परवाना लागतो, तो आधी घ्यावा, वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत हा उद्योग करूच नये.)

सर्वांत सरळ उपाय म्हणजे लहान बरणी. ती नसल्यास त्याच प्रकारची तयार वाइन वरून घालावी. पाणी उकळून, गार करून घालता येते. पण पाव लिटर पाण्याने १२ टक्क्यांची वाइन ११.४ टक्क्यांवर येते आणि चवही पातळ होते. ताजा रस घालू नये, त्यातील साखरेने आंबवण पुन्हा सुरू होते.

चव न बिघडवणारा उपाय म्हणजे काचेच्या गोट्या, आपल्याकडचे कंचे. १६ मिलीमीटरचा एक कंचा सुमारे दोन मिलीलिटर जागा व्यापतो, तेव्हा पाव लिटरसाठी सव्वाशेच्या आसपास कंचे लागतील. अंदाजापेक्षा मोजमाप बरे: मापाच्या भांड्यात अर्धा लिटर पाणी घेऊन ते पाऊण लिटरच्या खुणेपर्यंत चढेस्तोवर त्यात कंचे टाकावेत. वरून रंग दिलेले किंवा टवके उडालेले कंचे वगळावेत, उरलेले पंधरा मिनिटे उकळून त्याच पाण्यात निवू द्यावेत; गरम कंचा एकदम गार पाण्यात टाकल्यास तडकतो. नंतर बरणी तिरपी धरून धुतलेल्या हाताने एकेक कंचा आतल्या भिंतीवरून घसरवावा. वरून टाकलेला कंचा बरणीचा तळ फोडू शकतो. नदीतले गोटे कितीही गुळगुळीत दिसले तरी नकोत, कारण त्यांत चुनखडी असल्यास वाइनचे आम्ल तिच्यावर क्रिया करते. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियमही नको.

बरणी काठोकाठ मात्र भरू नये. तापमान २५ वरून ४० अंशांवर गेले की पाच लिटर वाइन सुमारे ३० मिलीलिटरने फुगते आणि तीन सेंटिमीटर व्यासाच्या गळ्यात ती चार सेंटिमीटर चढते. म्हणून बुचाखाली पाच-सहा सेंटिमीटर जागा सोडावी. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत घट्ट बूच लावू नये, बरणी फुटते, एअरलॉकच (आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी, पाणी भरलेली नळी) ठेवावा. बरणी आतल्या अंधाऱ्या खोलीत ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावी आणि मे महिन्यात एअरलॉकमधले पाणी दर दोन दिवसांनी पाहावे, कारण ते आटले की हवा पुन्हा आत शिरते.