१८६२ चा रुपया ग्रेडिंगला (खरेपणा आणि दर्जा ठरवायला) देताय?

रत्नागिरी-मालवणकडे आजीच्या फडताळातल्या डब्यात राणी छापाचा (व्हिक्टोरिया राणीचा) १८६२ चा रुपया हमखास निघतो. साल पाहून हुरळू नका. हेच साल १८७४ पर्यंत नाण्यावर तसंच राहिलं, त्यामुळे ढिगाने सापडतं. खरी गंमत ठिपक्यांत आहे. मुंबई टांकसाळीने सालाच्या वर-खाली बारीक ठिपके टाकले, आणि किती ठिपके, कुठे, यावर प्रकार ठरतो. काही जोड्या सर्रास, काही फार दुर्मिळ. दहापट भिंग घ्या, उजेड तिरका पाडा, मोजा. झिजेत बुजलेला ठिपका ‘असावा’ म्हणून धरू नका.

ग्रेडिंग कंपनी प्रकार आपणहून शोधेलच असं नाही. एनजीसी, पीसीजीएस या अमेरिकी ग्रेडिंग कंपन्यांकडे प्रकार नोंदवून घ्यायची वेगळी फी असते. अर्जात प्रकाराचं नाव, कॅटलॉगमधला क्रमांक लिहा, ठिपक्यांचा जवळून काढलेला फोटो जोडा. तो प्रकार त्यांच्या यादीत आहे का, हे फी भरण्याआधी विचारा.

आणि हो, शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, तेव्हा भारतातच तपासणी होते का ते पाहा.

चिंच, कोकम, रांगोळी लावून घासलेल्या नाण्याला आकडी ग्रेड मिळत नाही, नुसता ‘डिटेल्स’ (नाणं खरं, पण घासलेलं किंवा खराब केलेलं) असा शेरा येतो. आपल्या खाऱ्या दमट हवेत पीव्हीसीची पाकिटंही नकोत, नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. मायलरचं (पॉलिएस्टर प्लास्टिकचं) पाकीट, डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल. पावसाळ्यात जेल बदलत राहा.