अमेरिकेत नवीन आलात? डेंटल इन्शुरन्सचा फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

दर वर्षी नवीन मंडळी यायला लागली की तेच प्रश्न येतात आणि दर वर्षी एखाद-दुसरं घर तरी दाताच्या बिलापायी हवालदिल झालेलं बघायला मिळतं, म्हणून एकदा सगळं बैजवार लिहून ठेवते. लांबलंय, पण फॉर्म भरायच्या आधी वाचाच.

आधी मूळ गोष्ट. इथे दात हेल्थ इन्शुरन्समधे येत नाहीत. एचआरच्या पोर्टलवर मेडिकल, डेंटल आणि व्हिजन अशा तीन वेगळ्या ओळी दिसतात, आणि आपल्याकडचे बरेच जण, विशेषतः एकटी आलेली मुलं, "माझे दात एकदम ठणठणीत आहेत" म्हणत डेंटलला 'वेव्ह' करून (म्हणजे नको म्हणून) मोकळे होतात. जॉइन झाल्यापासून साधारण ३० दिवसांत निवड करायची असते, ती तारीख हुकली की पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत (वर्षातून एकदा निवड बदलायची मुदत) गप्प बसावं लागतं. लग्न झालं, मूल झालं किंवा असं काही मोठं घडलं तर मधे बदल करता येतो, पण तिथेही मुदत असते. बायको किंवा नवरा मागाहून येणार असेल तर ते इथे पोचल्यावर किती दिवसांत त्यांचं नाव घालता येईल हे एचआरला आधीच ईमेलवर विचारून ठेवा. तोंडी नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेडिकल इन्शुरन्समधे 'आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम' असतं, म्हणजे वर्षभरात तुमच्या खिशातून अमुक इतके गेले की पुढचं कव्हर्ड बिल कंपनी भरते. डेंटलमधे बरोब्बर उलटं आहे. तिथे 'अ‍ॅन्युअल मॅक्सिमम' असतं, म्हणजे कंपनी वर्षभरात अमुक इतकेच देणार, त्यापुढचं सगळं तुमचं. हा आकडा बहुतेक ठिकाणी १००० ते २००० डॉलरच्या दरम्यान असतो. एका दाढेचं रूट कॅनाल आणि त्यावर क्राउन (कॅप) एवढ्यातच तो संपू शकतो. त्यामुळे मोठं संकट आलं तर इन्शुरन्स आहेच या भरवशावर राहू नका, मोठ्या संकटातच तो अपुरा पडतो. रोजच्या देखभालीला आणि मधल्या खर्चाला मात्र तो खरंच उपयोगी आहे, आणि कंपनीमार्फत मिळत असेल तर प्रीमियम बहुधा इतका कमी असतो की माझ्या मते घ्यावाच.

ब्रोशरवर १००-८०-५० असं काहीतरी लिहिलेलं असतं. तपासणी, क्लीनिंग, एक्स-रे हे प्रिव्हेंटिव्ह, त्याचे १०० टक्के. फिलिंग, साधं दात काढणं हे बेसिक, त्याचे ८०. क्राउन, ब्रिज, कवळी हे मेजर, त्याचे ५०. रूट कॅनाल काही प्लॅनमधे बेसिक असतं आणि काहींमधे मेजर, दोन प्लॅनची तुलना करताना ही एक ओळ आवर्जून बघा कारण फरक शेकडो डॉलरचा पडतो. डिडक्टिबल, म्हणजे कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम, साधारण ५० डॉलर असतं, त्याचा फार विचार करू नका.

पण हे टक्के कशाचे? इथेच लोक फसतात. टक्के डॉक्टरच्या बिलाचे नसतात, कंपनीने त्या कामाचा जो दर मान्य केलाय त्याचे असतात. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने दवाखान्यात फोन करून विचारलं, "तुम्ही आमचा इन्शुरन्स घेता का?" समोरून उत्तर आलं, "हो, घेतो." डॉक्टर आपल्याच भाषेतले, माणूस चांगला, सगळ्यांनी नाव सुचवलेलं, यांनी बिनधास्त क्राउन करून घेतला आणि महिन्याभराने घरी बिल आलं. कारण तो दवाखाना नेटवर्कमधे, म्हणजे कंपनीशी दरांचा करार केलेल्यांच्या यादीत, नव्हताच. "इन्शुरन्स घेतो" म्हणजे फक्त "तुमच्या वतीने क्लेम पाठवतो" इतकंच.

हिशोब असा चालतो. समजा डॉक्टरचा क्राउनचा दर १६०० आहे आणि कंपनीचा मान्य दर १०००. डॉक्टर नेटवर्कमधला असेल तर त्याला १००० वरच थांबावं लागतं, कंपनी ५०० देते, तुम्ही ५०० देता, वरचे ६०० डॉक्टरने सोडून द्यायचे. डॉक्टर नेटवर्कबाहेरचा असेल तर कंपनी बहुधा तेच ५०० देणार, काही वेळा त्याहूनही कमी, आणि उरलेले ११०० तुमच्याकडून वसूल होणार. काम तेच, इन्शुरन्स तोच, फरक ६०० डॉलरचा. म्हणून फोनवर प्रश्न असा विचारा: "तुम्ही अमुक कंपनीच्या अमुक नावाच्या प्लॅनच्या नेटवर्कमधे आहात का?" प्लॅनचं पूर्ण नाव कार्डावर असतं ते वाचून दाखवा, कारण एकाच कंपनीची दोन-तीन नेटवर्क असतात आणि डॉक्टर एकात असतो, दुसऱ्यात नसतो. मग कंपनीच्या वेबसाइटवरही तपासा. आणि त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरकडे किंवा बाहेरच्या स्पेशालिस्टकडे पाठवलं तर त्याच्यासाठी परत विचारा. दरवेळी विचारा. अमुक डॉक्टर आपला आहे, तो सांभाळून घेईल असं आपल्या ग्रुपवर कोणी सांगितलं तरी विचारा. तो चांगला डॉक्टर असेलही, पण बिल त्याचं ऑफिस बनवतं आणि नियम कंपनीचे असतात.

फिलिंगहून मोठं काही सांगितलं तर 'प्री-ट्रीटमेंट एस्टिमेट' कंपनीकडे पाठवायला सांगा. उत्तर यायला काही आठवडे लागू शकतात आणि ती शंभर टक्के हमी नसते, पण कंपनी काय देणार आणि आपल्याला किती भरायचे याचा अंदाज लेखी हातात येतो. दुखत नसेल तर त्याशिवाय खुर्चीत बसू नका. एस्टिमेटवर प्रत्येक कामापुढे 'डी'ने सुरू होणारा चार आकडी कोड असतो, क्राउनबरोबर 'कोअर बिल्डअप' (क्राउन बसवण्याआधी दात भरून उभा करणं) वगैरे वेगळ्या ओळी आहेत का तेही बघा.

क्लेम झाल्यावर ईओबी नावाचा कागद येतो. ते बिल नाही, पैसे भरू नका. त्यात डॉक्टरने लावलेली रक्कम, मान्य रक्कम, कंपनीने दिलेली रक्कम आणि शेवटी तुमची जबाबदारी असे रकाने असतात. दवाखान्याचं बिल आलं की त्या शेवटच्या रकान्याशी ताडून बघा. नेटवर्कमधला डॉक्टर असूनही बिल जास्त आलं तर ईओबी समोर धरून शांतपणे फोन करा, बऱ्याचदा ते दुरुस्त करून देतात. आपली माणसं इथे लाजतात, भांडण नको म्हणून भरून टाकतात. यात भांडण कसलं, इथे प्रत्येक जण बिलाबद्दल विचारतो.

आता डीप क्लीनिंग. नवीन आलेला माणूस पहिल्यांदा क्लीनिंगला जातो, आधी कधी नियमित क्लीनिंग केलेलं नसतं, आणि त्याला सांगतात साधं क्लीनिंग होणार नाही, चारही भागांचं डीप क्लीनिंग लागेल. साधं क्लीनिंग प्रिव्हेंटिव्ह, १०० टक्के. डीप क्लीनिंग म्हणजे स्केलिंग अँड रूट प्लेनिंग, ते बेसिक किंवा मेजरमधे जातं आणि चार भागांची चार बिलं लागतात. कित्येकांना ते खरंच लागतं, हिरड्यांचा आजार अंगावर काढला तर दात हलायला लागतात, तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं करू नका. पण पुरावा मागा. हिरडी आणि दात यांच्यामधली खोली मिलिमीटरमधे मोजतात, तपासताना हायजीनिस्ट "तीन, दोन, तीन, पाच" असे आकडे बोलत असते ते हेच. १ ते ३ असेल तर साधारण ठीक, ४ आणि त्यावर असेल, रक्त येत असेल आणि एक्स-रेमधे हाड कमी झालेलं दिसत असेल तर डीप क्लीनिंगला आधार आहे. त्या चार्टची आणि एक्स-रेची कॉपी मागून घ्या, मागणं तुमचा हक्क आहे, आणि शंका आली तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. त्याच दिवशी सही करायचा आग्रह झाला तर "घरी जाऊन विचार करते" म्हणून उठा. यादीत हिरडीत भरायचं अँटिबायोटिक, लेझर, महागडा ब्रश असं काही घातलं असेल तर ते कशासाठी आणि कव्हर आहे का हे एकेक करून विचारा.

क्लीनिंगची तारीखही नीट बघा. काही प्लॅन म्हणतात वर्षातून दोनदा, काही म्हणतात सहा महिन्यांतून एकदा. दुसऱ्या प्रकारात सहा महिने पुरे व्हायला दोन दिवस बाकी असताना गेलात तरी क्लेम नाकारतात.

बारीक अक्षरातल्या तीन गोष्टी. वेटिंग पीरियड: स्वतः बाजारातून प्लॅन घेतलात तर मेजर कामासाठी बरेचदा ६ ते १२ महिने थांबावं लागतं, म्हणजे दात दुखायला लागल्यावर प्लॅन घेऊन उपयोग नाही. मिसिंग टूथ क्लॉज: प्लॅन सुरू व्हायच्या आधीच पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी ब्रिज किंवा इम्प्लांट करायचा तर अनेक प्लॅन पैसे देत नाहीत, आपल्यातले कितीतरी लोक एखादी दाढ भारतात काढून येतात, त्यांना हा नियम फार लागतो. तिसरी, आणि व्हिसावर असणाऱ्यांनी ही नीट वाचा. क्राउनला बहुधा दोन खेपा लागतात, पहिल्यांदा दात तासून माप घेतात, नंतर क्राउन बसवतात. बरेच प्लॅन बसवल्याच्या तारखेला पैसे देतात. मधल्या दोन-तीन आठवड्यांत ले-ऑफ झाला आणि कव्हरेज संपलं तर अख्खा क्राउन तुमच्या अंगावर. नोकरी डळमळीत वाटत असेल तर काम सुरू करायच्या आधी कोणती तारीख धरतात ते विचारा. २० किंवा जास्त लोकांच्या कंपनीत डेंटलही कोब्राखाली (हप्ता स्वतः भरून कंपनीचाच प्लॅन ठेवू देणारा कायदा) चालू ठेवता येतं, नोकरी गेल्यावर साधारण १८ महिन्यांपर्यंत, आणि फक्त डेंटलचा कोब्रा हप्ता मेडिकलइतका जीवघेणा नसतो.

प्लॅनचे दोन मुख्य प्रकार: पीपीओ की डीएचएमओ? मी पीपीओच सांगेन, त्यात डॉक्टर आपण निवडतो. डीएचएमओ स्वस्त असतो, अ‍ॅन्युअल मॅक्सिमम बहुधा नसतं, पण ठरवून दिलेल्या डॉक्टरकडेच जावं लागतं आणि यादी छोटी असते. घराजवळचा चांगला डॉक्टर त्या यादीत आहे आणि नवीन पेशंट घेतोय याची खात्री करून मगच घ्या. 'डेंटल डिस्काउंट प्लॅन' म्हणून जे विकतात तो इन्शुरन्स नव्हे, ते नुसतं सवलतीचं कार्ड आहे.

मोठं काम आहे आणि घाई नाही, तर वर्षाच्या दोन टोकांना वाटून घेता येतं. प्लॅनचं वर्ष जानेवारीपासून असेल तर काही काम डिसेंबरात, काही जानेवारीत, म्हणजे दोन वर्षांची मॅक्सिमम वापरता येतात. पण रूट कॅनाल झालेली दाढ क्राउनशिवाय फार दिवस ठेवू नका, डॉक्टरला विचारा, दाढ चिरली तर काढावीच लागते. आपल्या वाट्याचे पैसे एफएसएमधून (पगारातून टॅक्सआधी बाजूला काढलेल्या आरोग्यखर्चाच्या पैशांतून) भरले तर टॅक्स वाचतो, २०२५ साठी त्याची मर्यादा ३३०० डॉलर होती. एचएसए (असंच टॅक्स वाचवणारं आरोग्यखर्चाचं खातं) असेल तर त्यातूनही दाताचा खर्च चालतो.

मुलांसाठी: ओबामाकेअर या हेल्थ इन्शुरन्सच्या कायद्यानुसार १९ वर्षांखालच्या मुलांचं डेंटल आवश्यक कव्हरेजमधे धरलंय, पण मोठ्या कंपन्यांच्या प्लॅनना तो नियम जसाच्या तसा लागू नाही, तेव्हा गृहीत धरू नका. ब्रेसेसला वेगळी लाइफटाइम मर्यादा असते. विद्यार्थ्यांनो, युनिव्हर्सिटीच्या हेल्थ प्लॅनमधे मोठ्यांचं डेंटल बहुधा नसतं, जवळ डेंटल कॉलेज असेल तर तिथे शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कमी दरात काम करतात. वेळ खूप लागतो, पण काम नीट तपासलं जातं.

"दाताचं सगळं भारतातच करू" म्हणणारे इथे घरोघरी भेटतील. इम्प्लांटसारखं ठरवून करायचं काम असेल आणि वेळ असेल तर जरूर करा, फक्त इम्प्लांटला हाड धरायला काही महिने लागतात, तीन आठवड्यांच्या सुट्टीत सगळं उरकत नाही. पण दुखणारी दाढ गोळ्यांवर पुढच्या डिसेंबरपर्यंत ढकलू नका. गाल सुजला, ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय तर इन्शुरन्सचा विचार न करता थेट इमर्जन्सीत जा. आणि जे अजून यायचे आहेत त्यांनी निघायच्या आधी तिकडे पूर्ण तपासणी करून घ्या, अर्धवट कामं संपवा, एक्स-रे फोनमधे घेऊन या.

आई-बाबा येणार असतील तर व्हिजिटर इन्शुरन्समधे दातांचं जवळपास काही नसतं, फार तर अचानक उठलेल्या कळेसाठी किंवा अपघातासाठी छोटी रक्कम. त्यांना येण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरकडे पाठवा, म्हणजे काही निघालंच तर करून घ्यायला वेळ उरतो. कवळी असेल तर जुनी जोडीही सामानात ठेवायला सांगा. ग्रीन कार्डावर कायमचे येणार असतील आणि पुढे मेडिकेअर (वयस्करांचा सरकारी हेल्थ इन्शुरन्स) मिळालं तरी ओरिजिनल मेडिकेअर नेहमीचं क्लीनिंग, फिलिंग, कवळी यातलं काही देत नाही, त्यांच्यासाठी वेगळा प्लॅन बघावा लागतो आणि त्यालाही वेटिंग पीरियड असू शकतो, तेव्हा आल्या आल्याच घ्या.