प्रादेशिक विमान कंपनीत पायलट व्हायचंय? आधी हा हिशेब मांडा

एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. ते एटीआर-७२, म्हणजे सत्तरेक आसनांचं पंख्याचं विमान. गोंदियाजवळ बिरसीला तर पायलट घडवणारी संस्था कितीतरी वर्षं आहे. त्यामुळे गावातही आता विचारणा होते, "पायलटला पगार किती?" या प्रश्नाने फारसं कळत नाही. हमीचे तास (उड्डाण झालं नाही तरी ज्यांचे पैसे मिळतात ते) किती आणि कॅप्टन व्हायला वर्षं किती, हे विचारा.

पण त्याआधी शरीर. फी भरण्यापूर्वी डीजीसीए, म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, याच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून क्लास टू आणि मग क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्या. चष्मा चालतो. रंगांधळेपणा मात्र आड येतो आणि तो अनेकांना तपासणीच्या टेबलावरच कळतो. पूर्व विदर्भातल्या मुलामुलींनी सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणीही आधीच उरकावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून वाहक की आजार हे पक्कं करा आणि तो कागद तपासणीला सोबत न्या. चाळीस लाख भरल्यावर हे कळण्यात काही अर्थ नाही.

बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं. डॉक्टरकीच्या नादात गणित सोडलं असेल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तेवढा विषय काढता येतो.

आता पैसा. देशात सीपीएलचा, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्याचा खर्च ढोबळमानाने ४५ ते ६० लाख, शिवाय टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट विमान उडवण्याची पात्रता, वेगळं. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्यांनी नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेच्या वैमानिक प्रशिक्षणाच्या जाहिरातीवर डोळा ठेवावा. बाकीच्यांची गाठ बँकेशी, आणि इथे गावाकडचा माणूस अडतो. आठ-दहा एकरांचा सातबारा घेऊन गेलात तरी शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत, कारण बँकांना थकलेल्या कर्जाचं तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही. त्यांना एनए प्लॉट, शहरातलं घर किंवा मुदतठेव लागते. गावठाणातलं घर दाखवायचं असेल तर नुसत्या नमुना आठवर भागेलच असं नाही. मालमत्ता पत्रक आधी काढून ठेवा.

६० लाख, ११ टक्के, १० वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ८२,६०० रुपये. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलं नाही. ते मुद्दलात चढलं की हप्ता आणखी फुगतो. म्हणून जमेल तसं व्याज शिकतानाच भरत राहा.

सीपीएलला किमान २०० तास उड्डाण लागतं. त्यात १०० तास तुम्ही स्वतः कमांडर, ३०० सागरी मैलांची एक लांब फेरी आणि रात्रीचे ५ तास. लेखी पेपरात ७० टक्क्यांना पास. संस्था निवडताना फक्त विमानांची संख्या विचारू नका. आज उडण्याजोगी किती, एका विमानामागे विद्यार्थी किती, मागच्या बॅचचे २०० तास किती महिन्यांत पुरे झाले, हे तिथल्या मुलांनाच गाठून विचारा. अठरा महिन्यांचं म्हणून सांगितलेलं काम पावसाळा, नादुरुस्त विमानं आणि कमी प्रशिक्षक यांमुळे तीन वर्षांवर जातं. फी एकरकमी भरू नका, तासांच्या टप्प्यांवर भरा.

नोकरी हातात नसताना एटीआरचं टाइप रेटिंग स्वतःच्या पैशाने करू नका. कंपनी घेते तेव्हा ते बहुधा बाँडवर, म्हणजे ठराविक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर, करून देते.

पगारपत्रकात ठराविक रक्कम, हमीचे तास आणि त्यावरचा तासाचा दर असे भाग असतात. ठराविक रक्कम बाजूला ठेवून, समजा सहवैमानिकाचा दर तासाला २,००० रुपये आहे. हमी ७० तासांची असेल तर १,४०,००० पक्के. ४० तासांचीच असेल तर ८०,०००, म्हणजे तेवढ्यातून वरचा हप्तासुद्धा निघत नाही. विमान जमिनीवर उभं राहिलं किंवा मार्ग बंद पडला की हाच आकडा हातात येतो. करारात हे कलम सगळ्यात आधी वाचा. प्रशिक्षणाच्या काळातला भत्ता आणि बाँडची रक्कमही तिथेच बघा.

कॅप्टनचा पगार सहवैमानिकाच्या अडीच-तीन पट असतो. त्यासाठी एटीपीएल हा वरचा परवाना लागतो: वय २१ आणि १,५०० तास. वर्षाला ७०० तास उडालात तर तेवढे तास दोनेक वर्षांत होतात, पण कंपनीची अट बहुधा त्याहून वरची असते आणि डावी, म्हणजे कॅप्टनची सीट रिकामीही असावी लागते. तीन ते पाच वर्षं धरून चाला. छोटे टप्पे, दिवसाला चार-सहा लँडिंग, यामुळे हात लवकर बसतो. प्रादेशिक कंपनीचा खरा फायदा हाच.

धोका मार्गांचा. छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत तोटा भरून काढणारं अनुदान तीन वर्षांचं असतं. ते संपलं आणि प्रवासी जमले नाहीत की मार्ग बंद. नांदेड, जळगावला उडणारी ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. म्हणून फक्त उडानवर जगणाऱ्या कंपनीपेक्षा इतर मार्गही असलेली बरी. इंडिगोकडे मोठ्या विमानांबरोबर चाळीसहून अधिक एटीआर आहेत. पुढे एअरबसवर जायचं तर नवं रेटिंग, नवा बाँड आणि बऱ्याचदा पुन्हा उजवी, म्हणजे सहवैमानिकाची सीट. नोकरी सोडतानाचा नोटीस काळ २०१७ पासून सहवैमानिकाला ६ महिने, कॅप्टनला १ वर्ष आहे. त्यामुळे डावी सीट मिळण्याआधी हलणं सोपं पडतं.

आणि बेलोरा किंवा बिरसी हा तुमचा बेस, म्हणजे नेमणुकीचं ठिकाण, असेल अशी आशा ठेवू नका. खोलीभाडं हैदराबाद, बेंगळुरू किंवा दिल्लीचं धरून हिशेब मांडा.