उद्यमनगरच्या भंगारातून तालमीच्या चौकात गदा

पेठेची ओळख दाखवायला बाहेरगावाहून फायबरचा पैलवान आणायची गरज नाही. तालमीच्या चौकात गदा शोभते आणि तिचं सगळं सामान कोल्हापूरच्या उद्यमनगरातच मिळतं. खालची मापं साधारण ९ फुटी गदेची आहेत. महापालिकेची लेखी परवानगी आधी घ्या, आणि जागा चौकाच्या कडेला धरा, नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीतले ट्रॅक्टर अडतील.

भंगारवाल्याकडून पावती मागा. मॅनहोलची झाकणं कितीही स्वस्त असली तरी चोरीची निघू शकतात. शॉक अब्सॉर्बर आणि बंद सिलिंडर यार्डातच सोडा, तापले की फुटतात.

खरी गोम आहे ती बीड (कास्ट आयर्न) आणि माइल्ड स्टील (साधं पोलाद) वेगळं काढण्यात. ग्राइंडर लावून ठिणगी बघा: स्टीलची लांब आणि उजळ पिवळी, बिडाची आखूड आणि लालसर. शंका राहिलीच तर छिन्नी मारा. स्टीलचा छिलका वळतो, बिडाचा चुरा पडतो. ऑइल इंजिनचं फ्लायव्हील, पुली, व्यायामाच्या जुन्या प्लेट्स बहुधा बिडाच्याच. साध्या ६०१३ वेल्डिंग रॉडने त्या जोडल्या तर जोड पक्का वाटतो, पण थंड होताना टाक्याशेजारी बारीक चीर जाते आणि पुढे कधीतरी तुकडा निखळतो. म्हणून बीड वेल्ड करूच नका. १०.५ मिमीचं भोक पाडून एम-१० (१० मिमी) बोल्टने सांगाड्याला आवळा. बेअरिंगचं पोलादही टाक्याजवळ तडकतं. त्याला स्टीलच्या पट्टीच्या कड्यात अडकवा. जस्त चढवलेला तुकडा असेल तर थर आधी घासून काढा आणि काम उघड्यावर करा. जस्ताच्या धुराने थंडीताप भरतो.

दांड्याला ११४ मिमी व्यासाचा, ४.५ मिमी जाडीचा, २.७ मीटरचा पाइप लागतो. गोळ्यासाठी त्याच्या वरच्या ७५ सेंमीभोवती १२ मिमी सळईची ६ अर्धवर्तुळं आणि मध्ये एक आडवं कडं टाका. सळई साडेनऊ मीटरच्या आसपास जाते. त्यावर गिअर, वॉशर, पंचिंगची पत्री दाट बसवा. ३.१५ मिमीच्या रॉडला १०० ते १२० अँपिअर पुरे. गोळ्याचं वजन १०० किलोच्या घरात जातं. पाइपचं वरचं तोंड बंद करा आणि तळाशी १० मिमीचं भोक ठेवा, नाहीतर आत पाणी साचून दांडा बुडापासून सडतो.

पायाला १ × १ × ०.७५ मीटरचा एम-२० प्रतीच्या काँक्रीटचा ठोकळा, त्यात २० मिमी जाडीचे ४ अँकर बोल्ट. बोल्ट प्लायच्या साच्यातूनच उभे करा. हाताने धरलेले तिरके बसतात आणि ४०० × ४०० × १६ मिमीची प्लेट चढत नाही. प्लेट आणि पाइप यांच्यामध्ये ४ गसेट (तिकोनी आधारपट्ट्या) हवेतच. किमान ७ दिवस पाणी मारल्याशिवाय गदा उभी करू नका.

‘जुन्या लोखंडाचा लूक’ म्हणून नुसतं क्लिअर लॅकर मारायचा मोह होतो, पण कोल्हापूरच्या पावसात ते फार टिकत नाही. तेल धुऊन, तारेच्या ब्रशने घासून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन हात द्या, आणि हे सगळं मे संपायच्या आत उरका. २ मीटर उंचीपर्यंतच्या कडा गोल करा; पोरं चढणारच.

दर दिवाळीच्या सुमारास बोल्ट आवळा आणि बिडाच्या तुकड्यांवर हलकी हातोडी मारा. घट्ट बसलेला तुकडाही बद्द वाजला तर त्याला चीर गेली आहे, तो लगेच बदला.