एकट्याने की ग्रुपने? तिकीट काढण्याआधी हिशोब मांडा

‘ग्रुपने गेलं की स्वस्त पडतं’ हे अर्धंच खरं आहे. कितीने स्वस्त, हे कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही.

१. दोन रकाने आखा. पहिल्यात माणशी लागणारे खर्च: रेल्वे, बस किंवा विमानाचं तिकीट, प्रवेशशुल्क, विमा, जेवण. दुसऱ्यात वाटून घेता येणारे: खोली, टॅक्सी, गाईड. बचत मुख्यतः दुसऱ्याच रकान्यात होते. बसने आणि पायी फिरायचं असेल, तर त्यात खोलीशिवाय फारसं काही उरत नाही.

२. आता डोकी मोजा. खरी मेख इथे आहे. खोलीत २ माणसं आणि टॅक्सीत ४ मावतात असं धरू. चौघांना २ खोल्या आणि १ टॅक्सी पुरते. टॅक्सीचं माणशी पाव भाडं. पाचवा आला की ३ खोल्या, २ टॅक्सी. टॅक्सीचा वाटा २५ टक्क्यांवरून थेट ४० टक्क्यांवर जातो, खोलीचा ५० वरून ६० वर. म्हणून ‘अजून एकाला घेऊ या का?’ याला लगेच हो म्हणू नका; आधी जादा गादी किंवा मोठी गाडी मिळते का ते विचारा.

३. एकट्याचा खर्च काढताना अख्खी खोली धरू नका, डॉर्मिटरीतली एक खाट धरा. अनेकदा ती खोलीच्या निम्म्या भाड्याहूनही स्वस्त असते. टूर कंपनीबरोबर जाणार असाल, तर एकट्याने खोली घेण्याचा जादा आकार किती, हे आधीच विचारा.

४. तारखा पाहा. सगळ्यांची रजा जुळते ती बहुधा गर्दीच्याच दिवसांत, आणि तेव्हा दोन्ही रकाने फुगतात. एकटा माणूस मंगळवारीही निघू शकतो. माझ्या मते एकट्याची सर्वांत मोठी बचत हीच, आणि ती कोणी मोजत नाही.

५. ग्रुप ठरलाच, तर पैशांचं आधी बोला. टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) ऐकायला सोपं, पण दर चहाला सुटे शोधत बसावं लागतं. त्यापेक्षा सारखी वर्गणी काढा, खजिनदार एकच नेमा, रोज रात्री हिशोब लिहा. ऐनवेळी गळणाऱ्याने बदली माणूस द्यावा, नाहीतर खोलीचा वाटा भरावा, हेही लिहूनच ठेवा. (आमच्यात हे तोंडी ठरलं होतं. मग कुणालाच आठवेना.)

६. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर एकटेच निघा आणि लांबच्या ठिकाणापुरती मुक्कामावरच्या लोकांबरोबर टॅक्सी वाटून घ्या. तिघं जमेपर्यंत थांबा, चौथे तुम्ही.